डोळ्याचे दुखणे : तज्ज्ञाकडे केव्हा जावे

शरीराच्या बहुतेक व्याधींत वेदना हीच आपल्याला मिळणारी पहिली खबर असते. दाढ ठणकू लागली की दाताच्या डॉक्टरांची आठवण होते; पोटात कळ आली की माणूस पथ्याचा विचार करू लागतो. डोळ्याच्या बाबतीत मात्र या एकाच मापावर विसंबून राहणारा मनुष्य पुष्कळदा फसतो. धुळीचा एखादा कण पापणीखाली अडकला तर जीव कासावीस होतो, डोळ्याला धार लागते. पण कण निघाला की थोड्या वेळात सारे पूर्ववत होते. उलट, काचबिंदूसारखा रोग वर्षानुवर्षे दृष्टी कुरतडत राहतो आणि त्यापायी रोग्याच्या डोळ्यातून एक टिपूसही गळत नाही.

याचे कारण डोळ्याच्या रचनेतच आहे. डोळ्याच्या दर्शनी भागी घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक आवरण असते, त्याला पारपटल म्हणतात. वेदनेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे पारपटलात जितके दाट असते, तितके शरीरात अन्यत्र क्वचितच आढळते. डोळ्याच्या मागील भिंतीला अस्तरासारखे लागून असणारे दृष्टिपटल मात्र प्रकाश टिपते, वेदना टिपत नाही. ते फाटले, सुटून आले, किंबहुना त्याचा रक्तपुरवठा बंद पडला, तरी रोग्याला दुखत नाही. यास्तव डोळ्याची तक्रार उद्भवली असता ‘किती दुखते?’ या प्रश्नाच्या आधी ‘किती दिसते?’ हा प्रश्न विचारावयास हवा.

हा प्रश्न प्रत्येक डोळ्याला वेगळा विचारला पाहिजे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव इतकी बेमालूम भरून काढतो की, एका डोळ्याने दिसेनासे झाल्याचे कित्येकांना महिनोन् महिने कळत नाही. मग सुईत दोरा ओवताना किंवा सहज एक डोळा चोळताना दुसऱ्यापुढे अंधार असल्याचे ध्यानात येते, आणि ‘काल अचानक दृष्टी गेली’ असे सांगत ते दवाखान्यात येतात. गेलेली असते ती फार पूर्वी. काल ती केवळ उमगलेली असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर ठरावीक अंतरावर उभे राहावे, चष्मा असल्यास तो लावावा, एक डोळा तळहाताने न दाबता झाकावा आणि दुसऱ्याने अंक वाचावेत. मग डोळे बदलावेत. आठवड्यातून एकदा हे करावयास एक मिनिटही लागत नाही.

लाल डोळा

डोळा लाल होणे ही सर्वांत सामान्य तक्रार. तिच्या मुळाशी बहुधा ‘डोळे येणे’ हाच विकार असतो. आधी एक व दोन-तीन दिवसांत दुसरा डोळा लाल होतो, वाळू गेल्यासारखे खुपते, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटलेल्या असतात. परंतु चिपडे पुसली की नेहमीसारखे स्वच्छ दिसते. हा विकार त्रासदायक आणि भलताच संसर्गजन्य असला तरी सामान्यतः एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. रोग्याचा टॉवेल वेगळा ठेवणे आणि हात वारंवार धुणे एवढी दक्षता घेतली म्हणजे घरातील इतरांचा बचाव होण्याची शक्यता वाढते. मात्र नवजात अर्भकाचे डोळे येणे हा प्रकार निराळा आहे. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या डोळ्यातून पू येऊ लागल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. प्रसूतीच्या वेळी मातेकडून आलेले काही जंतू थोड्याच दिवसांत पारपटल नष्ट करू शकतात.

मोठ्या माणसाचा लाल डोळा केव्हा गंभीर समजावा? लालीबरोबर दृष्टी अंधूक झाली असेल. डोळा नुसता खुपत नसून आतून ठणकत असेल. उजेड सहन होत नसेल. लाली कोपऱ्यांत नसून बुबुळाभोवती कड्यासारखी असेल. दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील. किंवा बुबुळावर पांढरा ठिपका उमटला असेल, तर हे केवळ ‘डोळे येणे’ नव्हे. यांपैकी एकही लक्षण असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने तर लाली व दुखणे सुरू होताच लेन्स काढून ठेवावी आणि दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नये.

(येथे एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट आहे. व्यवहारात आपण ‘बुबुळ’ हा शब्द सैलपणे वापरतो. डोळ्यातला रंगीत पडदा हे खरे बुबुळ व त्याच्या मध्यावरचे काळे छिद्र म्हणजे बाहुली. पारपटल या दोहोंच्या पुढे असते, पण पारदर्शक असल्यामुळे ते नजरेत भरत नाही. ‘बुबुळावर फूल पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते फूल वस्तुतः पारपटलावर पडलेले असते.)

हे फूल आपल्या देशात पुष्कळदा शेतात जन्म घेते. कापणी करताना भाताचे पाते डोळ्याला लागते, उसाचे पान ओरखडा काढते, मळणीच्या वेळी तूस उडते. ओरखडा केसाएवढा असतो. शेतकरी डोळा चोळतो, दोन हात पाणी मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. परंतु त्या पात्याबरोबर बुरशीचे सूक्ष्म बीजही पारपटलात रुजलेले असू शकते. जखम प्रथम बरी झाल्यासारखी वाटते आणि काही दिवसांनी तिथे राखाडी-पांढरा व्रण दिसू लागतो. उष्ण व दमट हवेच्या प्रदेशांत, विशेषतः दक्षिण भारतात, पारपटलाच्या व्रणांत बुरशीचे प्रमाण फार मोठे आहे.

या टप्प्यावर रोगी कोठे जातो यावर पुढचे सारे अवलंबून असते. कोणी पानांचा रस पिळतो, कोणी मध घालतो, कोणी अंगावरचे दूध. काही खेड्यांत जिभेने कण काढून देणारी माणसेही असतात. या उपचारांमागची माया खोटी नसते, परंतु उघड्या जखमेत त्यांनी नवे जंतू जातात. सुशिक्षितांची चूक याहून वेगळी, पण कमी घातक नव्हे. औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ मागून आणले जातात आणि त्यांत बरेचदा स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने लाली एका दिवसात ओसरते आणि रोगी खूश होतो. मात्र त्याच औषधाने डोळ्याची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशीला मोकळे रान मिळते. हेच थेंब मुलांच्या डोळ्यांची खाज थांबविण्यासाठी महिनोन् महिने घातले गेले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. एकदा लिहून दिलेली चिठ्ठी पुन:पुन्हा दाखवून तेच थेंब विकत घेण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की, तिच्यामुळे किती मुलांची दृष्टी गेली असेल याची कल्पनाही करवत नाही.

वेळेचे मोल किती असते हे नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून स्पष्ट होते. तेथील खेड्यांत स्वयंसेवकांना पारपटलावरील ओरखडा ओळखावयास शिकविण्यात आले आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे साधे जंतुनाशक मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावण्याची व्यवस्था करण्यात आली. अशा ४४२ रोग्यांपैकी २८४ जण इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत आले होते; त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांत चौघांना व्रण झाला. आणि २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांत हीच संख्या चौदा झाली. मलम तेच, माणसे त्याच गावांतली. फरक होता तो एका रात्रीचा. तेव्हा शेतात डोळ्याला लागले तर ‘उद्या बघू’ न म्हणता संध्याकाळपूर्वी जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.

भीतिदायक दिसणारी, परंतु बहुधा निरुपद्रवी अशी एक लाली येथेच सांगून टाकतो. खोकल्याच्या उबळीनंतर किंवा काहीच कारण नसताना डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग दिसतो. दुखत नाही आणि दृष्टीही स्वच्छ असते. हा डाग दोन-तीन आठवड्यांत विरून जातो. रक्तदाब तपासून घ्यावा, एवढे पुरे. मार लागून असे झाले असेल तर मात्र डोळा दाखविलाच पाहिजे.

दोन काचबिंदू

डोळ्यात एक द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म मार्गाने तो बाहेर पडत असतो. काही जणांच्या डोळ्यांत हा मार्ग जन्मतःच अरुंद असतो. आशियाई लोकांत असे डोळे अधिक आढळतात. उतारवयात एखाद्या संध्याकाळी, मंद उजेडात बाहुली विस्फारली असता, तो मार्ग एकाएकी बंद होतो. डोळ्यातील दाब झपाट्याने वाढतो, डोळा दगडासारखा कठीण होतो, अर्धे डोके फुटल्यासारखे दुखते, दिव्यांभोवती इंद्रधनुष्याची कडी दिसतात आणि उलट्या सुरू होतात. उलट्यांमुळेच घोटाळा होतो. घरची मंडळी पित्त म्हणतात, कधी डॉक्टरही अर्धशिशी म्हणतात आणि लाल डोळ्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. काही तासांपासून एक-दोन दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते. १८५७ साली जर्मन नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फोन ग्रेफ यांनी बुबुळाचा तुकडा कापून या झटक्यावर इलाज करता येतो हे दाखवून दिले. आज दाब औषधांनी उतरवून लेसरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात आणि दुसऱ्या डोळ्यालाही तेच संरक्षण देतात. यास्तव डोकेदुखी, उलट्या आणि एक लाल, अंधूक डोळा ही तीन एकत्र आली तर ती रात्र घरी काढू नये.

दुसरा काचबिंदू अगदी मूक असतो. त्यात दृष्टीचा घेर कडेकडून आकसत जातो, मध्यावरचे अक्षर मात्र शेवटपर्यंत स्पष्ट दिसते; वाचन चालू असल्यामुळे रोगी निर्धास्त राहतो. आपली भाषाही येथे थोडी घात करते. मोतीबिंदू आणि काचबिंदू या नावांत ‘बिंदू’ समान असल्याने ही दोन भावंडे असावीत असा समज होतो, आणि मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची जुनी सवय काचबिंदूलाही लावली जाते. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. (मोतीबिंदूसाठीही आता पिकण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, फार पिकू दिल्यास तो स्वतःच डोळ्यातील दाब वाढवू शकतो.) या मूक रोगाचे एकही लक्षण सांगता येण्यासारखे नसल्यामुळे चाळिशीनंतर डोळ्याचा दाब व नेत्रतंतूचे टोक तपासून घेणे हाच मार्ग उरतो. आई-वडील किंवा भावंडे यांपैकी कोणाला काचबिंदू असेल त्याने तर ही तपासणी टाळूच नये.

न दुखता जाणारी दृष्टी

१८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत डोळ्याचे अंतरंग पाहण्याचे साधन प्रसिद्ध केले. तोपर्यंत दृष्टिपटलाचे रोग वैद्यांनाही दिसत नव्हते. त्यानंतरही दृष्टिपटल सुटून आल्याचे दिसत असूनही त्यावर इलाज नव्हता. रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत स्वित्झर्लंडमधील ज्यूल गोनँ यांनी मूळ दोष दृष्टिपटलाला पडलेल्या छिद्रात असल्याचे दाखविले आणि छिद्र बुजविले की पटल पुन्हा बसते हे सिद्ध केले. त्यामुळे पूर्वसूचनांना महत्त्व आले.

त्या सूचना अशा : डोळ्यापुढे एकाएकी काळ्या ठिपक्यांचा सडा पडावा, अंधारात डोळ्याच्या कडेला विजेसारखे लखलखावे, आणि नंतर एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली पुढे सरकावी. एखाद-दुसरा केस किंवा माशी वर्षानुवर्षे डोळ्यापुढे तरंगताना दिसणे याला फारसा अर्थ नाही; पुष्कळांना ती दिसते. अर्थ आहे तो ‘एकाएकी’ आणि ‘पुष्कळ’ या दोन शब्दांना. जवळची नजर असलेले, म्हणजे मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा लावणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि डोळ्यावर मार बसलेले लोक यांनी विशेष सावध असावे. नुसते छिद्र असताना लेसरने काही मिनिटांत काम भागते. पडदा मध्यबिंदूपर्यंत सरकला की शस्त्रक्रियेनेही पूर्वीची बारीक दृष्टी क्वचितच परत येते.

एका डोळ्यापुढे क्षणात संपूर्ण अंधार होणे हे दृष्टिपटलाची रोहिणी बंद पडल्याचे लक्षण असू शकते. येथे हिशेब तासांचा आहे. अंधार पाच-दहा मिनिटांत निवळला तर माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो आणि विसरून जातो. वस्तुतः ही मेंदूच्या पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते आणि तीसाठी थेट मोठे रुग्णालय गाठणे योग्य. एक पापणी अचानक खाली ओघळली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि डोके तीव्र दुखू लागले, तर तेही तेवढेच निकडीचे समजावे. दाराची चौकट किंवा वहीच्या रेघा मध्येच वाकड्या दिसू लागल्यास दृष्टिपटलाच्या मध्यभागी विकार आहे असे समजून काही दिवसांतच तपासणी करून घ्यावी.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही एक नियम पाळावा. नजर दिवसागणिक सुधारत गेली पाहिजे. ती मागे फिरली, डोळा लाल होऊन दुखू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत जावे. आत पू झाला असल्यास एक दिवसही फार होतो.

चुना, छिन्नी आणि फटाका

आपल्या घरांत हाताशी असलेला सर्वांत घातक पदार्थ म्हणजे पानाचा चुना. चुन्याची पुडी किंवा नळी लहान मूल दाबते, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. आम्लापेक्षा क्षार वाईट. तो थांबत नाही, पारपटल पोखरीत आत शिरतो. येथे तज्ज्ञाकडे धावण्यापूर्वी करावयाचे काम आहे. मिळेल त्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघडून धरून, निदान अर्धा तास डोळा धूत राहावे, पापणीखाली अडकलेले चुन्याचे खडे ओल्या कापडाच्या टोकाने काढावेत, मगच निघावे. मूल रडेल, हातपाय झाडील. तरी धुणे थांबवू नये.

याच्या उलट, काही टोकदार लागून डोळ्याला भोक पडले असेल तर धुऊ नये, चोळू नये, रुतलेली वस्तू उपसू नये. कागदी पेल्यासारखे काही डोळ्यावर न दाबता ठेवून ते पट्टीने बांधावे आणि निघावे. छिन्नी-हातोड्याचे काम करणाऱ्याला कधी कधी ‘काहीतरी टच्‌कन लागले’ एवढेच जाणवते. दुखत नाही, दिसतेही चांगले. परंतु लोखंडाची कपची डोळ्याच्या आत गेलेली असू शकते आणि राहिल्यास गंजून दृष्टिपटल नासविते. अशा वेळी ‘हातोडा मारत होतो’ हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण बाहेरून भोक दिसेलच असे नाही. दिवाळीतील फटाक्याचा मारही तसाच. सूज उतरली म्हणजे आतली इजा भरून निघाली असे नव्हे.

लहान मुले

मूल तक्रार करीत नाही, कारण पूर्वी त्याला अधिक चांगले दिसत होते असे नसते. म्हणून पाहणे हे मोठ्यांचे काम. बाहुली काळी न दिसता पांढरट चमकली, किंवा छायाचित्रात एका डोळ्यात पांढरा ठिपका आला, तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. तो मोतीबिंदू असू शकेल किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग, आणि दुसऱ्या शक्यतेत प्रश्न केवळ दृष्टीचा नसून जिवाचा असतो. तिरळेपणा भाग्याचा मानण्याची समजूत काही घरांत अजून आहे. तिरळा डोळा मेंदू हळूहळू वापरेनासा होतो आणि सात-आठ वर्षांच्या वयानंतर त्याला पुन्हा कामाला लावणे कठीण जाते. मूल संध्याकाळी ठेचकाळू लागले तर अ जीवनसत्त्वाचा अभाव लक्षात घ्यावा. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासले गेले पाहिजे. इस्पितळातून घरी जाताना हे कोणी सांगितले नसल्यास आई-वडिलांनी स्वतः विचारावे.

घाई नसलेल्या तक्रारीही पुष्कळ आहेत. डोळा लवणे हा शकुन असो वा नसो, रोग सहसा नसतो. रांजणवाडीला गरम शेक पुरतो. चाळिशी लागणे हा वयाचा धर्म आहे. मात्र साठीच्या गृहस्थाची ‘चाळिशी उतरली’, चष्म्यावाचून वर्तमानपत्र वाचता येऊ लागले, तर घरच्यांनी कौतुक करून थांबू नये; भिंगात मोतीबिंदू घट्ट होऊ लागला की असा तात्पुरता लाभ होतो. मधुमेह्याने मात्र उत्तम दिसत असतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. रोगाचे निदान होताच पहिली तपासणी व्हावी.

चष्म्याच्या दुकानात क्रमांक काढून मिळतो, पण दृष्टिपटल किंवा नेत्रतंतू तपासला गेला असे त्यावरून धरून चालू नये. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना आधी वापरलेल्या थेंबांच्या साऱ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, बरोबर न्याव्यात. घरगुती काही घातले असेल तर तेही न लाजता सांगावे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास जवळचे अंधूक दिसते आणि उजेड टोचतो. म्हणून स्वतः वाहन चालवीत जाऊ नये आणि कोणाला तरी सोबत न्यावे.